रिकामी बंदूक

बेलापूरच्या स्टेशनातून बाहेर पडून कोकण भवनाच्या दिशेने पायी निघालात, तर दहा-पंधरा मिनिटांच्या रस्त्यात तुम्हाला तीन-चार तरी बंदुका भेटतात. एक बँकेच्या दारात स्टुलावर बसलेली असते, एक सराफाच्या काचेच्या दारामागे उभी असते, एखादी एटीएममध्ये नोटा भरायला आलेल्या गाडीतून खाली उतरते. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय इथे, इतर बँकांचा मोठा पसारा इथे, तेव्हा बंदुका असणारच. आपले मात्र त्यांच्याकडे लक्ष नसते. मी स्वतः बँकेत उभी हयात काढली, रोज सकाळी बंदुकीला वळसा घालून आपल्या खुर्चीकडे गेलो. पण तिच्याकडे नीट निरखून पाहिले ते एकदाच. ती गोष्ट पुढे येईल.

आज हे आठवायला कारण झाला एक तेवीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा मोबाइल.

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एक माजी हवालदार राहतात. मूळ सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. सध्या एका सराफाच्या दुकानात बंदूकधारी रक्षक आहेत. बंदूक त्यांची स्वतःची, परवानाही त्यांच्याच नावाचा. या नोकऱ्यांत बहुधा तसेच असते. सकाळी फिरायला निघालो की आमची गाठ पडते, चार शब्द पाऊसपाण्याचे, दोन गावाकडच्या उसाचे. एका रविवारी ते अचानक घरी आले. चहाला नको म्हणाले. हवालदार चहाला नको म्हणतात म्हणजे काहीतरी बिनसले आहे, हे मला ठाऊक होते.

"साहेब, पोराशी जरा बोला," ते म्हणाले. "माझं ऐकंना."

मुलगा बारावी झालेला, सैन्यभरतीत दोनदा धावण्यात मागे पडलेला. वडिलांसारखे बंदूकधारी रक्षक व्हावे असे त्याच्या मनाने घेतले होते. साध्या रक्षकापेक्षा बंदूकवाल्याला पगार बरा. यात वाईट ते काय, असे मी विचारले.

"वाईट काही नाही. पण तो शिकतोय. मोबाइलवर."

मग त्यांनी सांगितले ते असे. सुट्टीचा वार होता. हवालदार मंडईत गेले होते आणि परत येऊन बघतात तो मुलगा बाहेरच्या खोलीत दुनळी खांद्याला लावून उभा. मोबाइल टीव्हीला टेकवून ठेवलेला. त्यात कोणी अमेरिकन गृहस्थ बंदूक कशी उचलावी, गालाला कशी लावावी, कशी फिरवावी ते दाखवतोय आणि हा तसेच करतोय. फिरवता फिरवता नळ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे आल्या आणि त्याने चाप ओढला. आत त्याची आई कणीक मळत होती. खट्ट असा आवाज झाला, बाकी काही नाही.

"मी ओरडलो," हवालदार म्हणाले, "तर म्हणतो कसा, बाबा, रिकामी आहे. मी बघितलंय."

बंदूक खरोखरच रिकामी होती. काडतुसे हवालदारांच्या पट्ट्यात, पट्टा वेगळ्या कुलपात. परवाना बापाच्या नावाचा, म्हणजे मुलाच्या हातात ती बंदूक येणे हेच मुळात कायद्याबाहेरचे. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. पण त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते ते कणीक मळणारे दोन हात. आणि 'रिकामी आहे' हे शब्द ऐकून माझ्याही पोटात खड्डा पडला. कारण तीस वर्षांपूर्वी याच बेलापुरात मी त्या शब्दांवर सही केली होती.

*

१९९३ साली लोकल बेलापूरपर्यंत आली आणि त्यानंतर दोन-एक वर्षांनी माझी इथल्या शाखेत बदली झाली. त्या वेळचे बेलापूर म्हणजे रुंद रस्ते, मोकळे प्लॉट आणि पारसिकच्या डोंगरावरून सरळ टेबलावर येणारा पाऊस. शाखेला एक रक्षक होते, माजी सैनिक. हुद्दा नायकाचा, पण आम्ही सगळे त्यांना सुभेदार म्हणत असू. सकाळी स्ट्राँगरूम उघडली की बंदूक बाहेर येई. संध्याकाळी सुभेदार ती रिकामी करून, काडतुसे मोजून परत देत आणि मी वहीत सही करीत असे. दहा काडतुसे, बंदूक एक, रिकामी. रोज तोच मजकूर.

एकदा सुभेदार मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. बदली रक्षक आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रोकड जुळवायला उशीर झाला होता. शंभराच्या पाकिटांत एक नोट कमी भरत होती. रोखपाल आणि मी, दोघांनी मिळून ती पाकिटे दोनदा मोजली, नोट सापडली, सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात रक्षकाने बंदूक पुढे केली. "रिकामी आहे, साहेब." काडतुसांची पिशवी वर ठेवली. मी वहीत दहा लिहिले, सही केली, बंदूक बगलेत मारली आणि काउंटरांच्या मधून स्ट्राँगरूमकडे निघालो. वाटेत बचत खात्याच्या काउंटरवरची मुलगी पर्स आवरत होती, शिपाई खिडक्या लावत होता. मी कुणाशी तरी लोकलच्या वेळेबद्दल बोललोही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार हजर झाले. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळ्यांचे तोंड खाली केले, वरची कळ अंगठ्याने सरकवली आणि बंदूक मधोमध मोडून उघडली. डाव्या नळीत पितळी बूड चमकत होते. त्यांनी ते काडतूस काढले आणि काही न बोलता माझ्या टेबलावर, कालच्या वहीवर उभे करून ठेवले. पिशवीत नऊ होती. माझी सही दहावर होती.

बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, नोटांचं पाकीट कुणी शंभर आहेत म्हणून पुढे केलं, तर तुम्ही तसंच घेता का?"

त्या संध्याकाळी नळ्यांचे तोंड कुणाकुणाकडे होते, याचा हिशेब मी अजूनही अधूनमधून करतो. तो जुळत नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस, ग्राहकांची वेळ संपली की, सुभेदारांनी मला जुन्या वह्यांच्या खोलीत बंदूक उघडायला शिकवले. बंदूक चालवायला नव्हे, उघडायला. आधी नळ्या अशा दिशेला की जिथे माणूस नाही. बोट चापाच्या बाहेर, लाकडावर सरळ. मग कळ. मग दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी बघायचे, आणि डोळ्यांनी बघितले तरी बोटाने चाचपायचे. देणाऱ्याने उघडी द्यायची, घेणाऱ्याने उघडी घ्यायची, आणि देणाऱ्याने आपल्यासमोर तपासली असली तरी घेणाऱ्याने पुन्हा तपासायची. सोपे वाटते ना? पहिल्या चार दिवसांत माझे बोट सहा वेळा आपोआप चापाकडे गेले. सुभेदार प्रत्येक वेळी दोन बोटांनी ते उचलून लाकडावर ठेवीत, लहान मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला लावावे तसे. सातव्यांदा ते गेले नाही.

*

हवालदारांच्या मुलाशी बोलायला बसलो तेव्हा मी उपदेशाच्या तयारीत होतो. पण त्याने आधी मलाच शिकवले, हे कबूल केले पाहिजे.

त्याच्या मोबाइलमधले व्हिडिओ चांगले होते. बारा बोअर म्हणजे काय, हे बँकेच्या दारातली बंदूक वर्षानुवर्षे बघून मला कळले नव्हते, ते त्याने सांगितले. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास तो नळीचा व्यास. साधारण साडेअठरा मिलिमीटर. जुनी इंग्रजी मोजणी, ती अजून चालू आहे. काडतुसात एक गोळी नसते, बारीक शिशाचे छर्रे असतात. मागे दारू, मध्ये डाट, पुढे छर्रे. नळीतून निघालेले छर्रे आणि मागे राहणारी डाट हे अतिशय मंद गतीने दाखवणारे चित्रीकरण त्याने मला दाखवले. सुभेदारांनी आयुष्यात कधी ते पाहिले नसेल. माझा असा समज होता, आणि हिंदी सिनेमांनी तो पक्का केला होता, की छर्ऱ्याची बंदूक दाराच्या चौकटीत झाडली की चौकटभर छर्रे. मुलगा हसला. खोलीतल्या खोलीत, पाच-सहा मीटरवर, छर्ऱ्यांचा घोस जेमतेम वीतभर पसरतो. म्हणजे नेम लागतोच. आणि चुकला तर सगळाच्या सगळा चुकतो.

हे ज्ञान खरे होते आणि ते त्याने एकट्याने, रात्री जागून, इंग्रजी समजून घेत मिळवले होते. त्याबद्दल मला कौतुकच वाटले. आमच्या पिढीला अशी सोय असती तर आम्हीही रात्र रात्र जागलो असतो.

मग मी त्याला कोपऱ्यातली जुनी, जड मुठीची छत्री दिली आणि व्हिडिओतल्याप्रमाणे उचलून दाखव म्हटले. त्याने ती झोकात खांद्याला लावली. आणि डाव्या हाताने मुठीपुढचा भाग खटकन मागे-पुढे केला. अमेरिकन व्हिडिओंत पंपाची बंदूक असते. काडतूस आत घ्यायला तिचा पुढचा दांडा मागे-पुढे करावा लागतो. हवालदारांची बंदूक ईशापूरच्या कारखान्यातली साधी दुनळी. तिला मागे-पुढे करायला काहीच नाही. ती मधोमध मोडते, दोन काडतुसे घेते आणि मिटते. त्यातही एक मेख आहे. बिनघोड्याची दुनळी उघडली की आतले हातोडे आपोआप ताणले जातात. जुन्या बंदुकीचे घोडे बाहेर दिसत, ताणलेले आहेत की नाही ते लांबून कळे. हिचे काहीच दिसत नाही. भरलेली आणि रिकामी, दोन्ही मिटल्यावर हुबेहूब सारख्या.

"तू बंदूक रिकामी आहे हे बघितलंस ना?" मी विचारले.

"हो काका. उघडून बघितलं."

"मग मिटलीस?"

"हो."

"मग काय केलंस?"

तो थांबला. आठवू लागला. बंदूक मिटून त्याने पलंगावर ठेवली होती, मोबाइल लावायला वळला होता, मध्ये मित्राचा फोन आला होता, दहा मिनिटे बोलला होता, मग पुन्हा बंदूक उचलली होती. दुसऱ्यांदा उघडून बघितली होती का? तो काही बोलला नाही. घरात तेव्हा दुसरे कोणी बंदुकीला हात लावणारे नव्हते म्हणून ती रिकामीच राहिली, इतकेच.

व्हिडिओतल्या त्या गृहस्थाने 'प्रत्येक वेळी तपासा' हे सांगितले नव्हते असे नाही. सुरुवातीलाच सांगितले होते, एका दमात आणि घाईने. मुलाने ते ऐकले होतेच, त्याला पाठही होते. पण पाठ असणे वेगळे आणि हाताला लागणे वेगळे. नोटा मोजण्याची रीत पुस्तिकेत दोन ओळींत छापता येते. खोटी नोट अंगठ्याखाली आली की थबकणारा अंगठा तयार व्हायला रोखपालाची पाच वर्षे जातात. आणि त्या पाच वर्षांत शेजारी कोणीतरी जुना माणूस बसलेला लागतो. व्हिडिओ आपण बघतो. तो आपल्याला बघत नाही. आपले बोट कुठे गेले, नळी कुणाच्या आईकडे वळली, हे सांगायला त्याला डोळे नाहीत.

*

बंदुकीचा खेळ म्हणून जे लोक सराव करतात, त्यांचीही कथा वेगळी नाही. ट्रॅप आणि स्कीट या ऑलिंपिकमधल्या स्पर्धा याच बारा बोअरच्या बंदुकीने खेळतात. अकरा सेंटिमीटर व्यासाची मातीची तबकडी यंत्रातून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. छर्रे नळीतून निघतात ते सेकंदाला चारशे मीटरच्या घरात, पण हवेत लगेच मंदावतात; तीस-पस्तीस मीटर जायला त्यांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी तबकडी दोन-अडीच मीटर पुढे सरकलेली असते. तेव्हा तबकडीवर नेम धरणाऱ्याची तबकडी कधीच फुटत नाही. ती जिथे पोचणार आहे तिथे, बंदूक न थांबवता, छर्रे पाठवावे लागतात. किती पुढे, हे गणिताने सांगता येते. पण गणित करायला तिथे वेळ कुठे असतो? ते खांदा, गाल आणि कंबर यांनी मिळून करायचे असते. रायफलीला मागे-पुढे नेम धरण्याची दोन ठिकाणे असतात. छर्ऱ्याच्या बंदुकीला पुढे एक मणी आणि मागे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. गाल लाकडावर रोज एकाच जागी बसला नाही, तर डोळा हलला आणि नेमही हलला.

बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्सला दोनशेपैकी १७९ तबकड्या फोडून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक रौप्यपदक आणले. २०२४ साली पॅरिसला माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका या जोडीचे स्कीटमधले कांस्यपदक एका तबकडीने हुकले; चीनच्या जोडीने ४४ फोडल्या, आपल्या जोडीने ४३. एवढ्या तोलाची ही मंडळी. आजचे खेळाडू व्हिडिओ बघतात, स्वतःचे चित्रीकरण करून शंभरदा बघतात. पण शेजारी प्रशिक्षक असतो आणि पाठीशी हजारो काडतुसे झाडलेला खांदा. आमच्या बेलापूरपासून थोड्या अंतरावर पनवेलला सुमा शिरूर यांच्या 'लक्ष्य' मध्ये मुले एअर रायफल शिकतात. ती बंदूक वेगळी, खेळ वेगळा. पण हातातले हत्यार कसे सांभाळायचे, हा तिथलाही पहिला धडा.

*

कायद्यालाही हे शहाणपण सुचलेले आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षण घेणे आवश्यक केले. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ साली कायदा झाला आणि २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास, किमान वीस दिवसांचे प्रशिक्षण सांगितले. माजी सैनिकाला त्यात सवलत आहे, ४० आणि १६ तास, कारण त्याचे हात आधी तयार झालेले असतात. हे तास कागदावर भरायचे की मैदानावर, हे अर्थातच संस्थेसंस्थेवर आणि घेणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून. म्हणून हवालदार आणि मी, दोघांनी चौकशी करून, जिथे खरोखर उन्हात उभे करतात अशी जागा शोधली. मुलगा कुरकुरत गेला.

पहिल्या रविवारी तो भेटला तेव्हा नाराज होता. "तीन दिवस झाले काका, काडतूस दाखवलंसुद्धा नाही. नुसती उघड, बघ, मिट. उघड, बघ, मिट." खोट्या काडतुसांवर सराव. शेजाऱ्याला बंदूक दे, शेजाऱ्याकडून घे. दिवसाला दोनशे वेळा. ही हकीकत ऐकून हवालदार मिशीत हसले. "आम्हाला बेळगावच्या सेंटरला तरी कुठं पहिल्या आठवड्यात गोळी दिली होती!"

दुसऱ्या रविवारी तो गप्प होता. गोळीबाराचा दिवस होऊन गेला होता. उजव्या खांद्याखाली निळी-जांभळी खूण. व्हिडिओत माणूस बंदूक झाडतो आणि हसत पुढचे वाक्य बोलतो, धक्का दिसतच नाही. दस्ता खांद्याच्या खळीत घट्ट बसला नसेल तर तो किती लागतो, हे याला पहिल्या बारालाच कळले. पण गप्प बसायचे कारण ते नव्हते. दुसरे काडतूस झाडून झाल्यावर, तबकडी फुटली या आनंदात, तो काहीतरी विचारायला मागे वळला होता. बंदुकीसकट.

"उस्ताद ओरडले का?" मी विचारले.

"नाही. तेच तर. जवळ आले, नळी हातानं खाली केली, बंदूक काढून घेतली, उघडली. एक शब्द नाही. मला रांगेबाहेर बसवलं आणि म्हणाले, रिकामी टरफलं मोज. संध्याकाळपर्यंत मोजत होतो." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "काका, मागं सहा पोरं उभी होती. मी त्यांचे चेहरे बघितले."

व्हिडिओत मागे कोणी उभे नसते. असले तरी त्यांचे चेहरे आपल्याकडे बघत नसतात.

*

आता कोणी विचारील, एवढे शिकून रक्षकाला बंदूक झाडायची वेळ येते तरी किती वेळा? बहुतेकांना सगळ्या नोकरीत एकदाही नाही. आमच्या सुभेदारांनी शाखेच्या दारात एकही बार काढला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. १२ फेब्रुवारी १९८७ रोजी लुधियानाच्या मिलरगंज भागात बँक लुटली गेली, पाच कोटी सत्तर लाख रुपये गेले. लुटारू पोलिसांच्या वेशात आले होते. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. त्या काळी बँकेत असलेल्या माझ्या वयाच्या लोकांना ती बातमी विसरता येत नाही. आणि बेलापूरपासून तिसऱ्या स्टेशनावर, जुईनगरला, नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेऊन, जमिनीखालून भुयार खणून एका बँकेचे लॉकर फोडले. दारात बंदूक असती काय आणि नसती काय.

उलट, भरलेली बंदूक नको तिथे नको तेव्हा उडाल्याच्या बातम्या आतल्या पानावर येतच असतात. कोकणात शेतीसंरक्षणाची बंदूक घेऊन शिकारीला गेलेल्यांपैकी कोणी दगावला, ही बातमी दर एक-दोन वर्षांनी वाचावी लागते. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीसाठी रानात गेलेल्यांनी हालचाल बघून गोळी झाडली आणि ती आपल्याच सोबत्याला लागली. झाडणाऱ्याला नेम येत होता. समोर काय आहे ते आधी ओळखावे, हे हाताला लागलेले नव्हते.

तेव्हा रक्षकाची खरी विद्या म्हणजे न झाडलेल्या हजारो दिवसांची विद्या. लोकलच्या गर्दीसारखी ग्राहकांची रीघ लागलेली असताना, लहान मुले स्टुलाशी खेळत असताना, दुपारी डोळा लागत असताना, नळी कुठे आहे आणि बोट कुठे आहे याचे भान. आपण या माणसांना बारा-बारा तास उभे करतो, बसायला मोडके स्टूल देतो, वर्षाकाठी मूठभर काडतुसे सरावाला देताना हात आखडतो आणि त्यांच्या दोन हातांवर आपले जीव बिनदिक्कत सोपवतो. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने वहीतली सही बघण्याआधी रक्षकाला एकदा बंदूक उघडायला सांगितले, तर पुष्कळ कळेल. मी अधिकारी होतो तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते. एका नायकाने सांगितले, तेही काडतूस सापडल्यावर.

मुलाचे प्रशिक्षण पुरे झाले. प्रमाणपत्र मिळाले, परवान्याचा अर्ज गेला आहे. तो मिळेल न मिळेल. पोलिसांनी शहानिशा करून ठरवायची गोष्ट ती. तूर्त तो सेक्टर अकरातल्या एका इमारतीच्या फाटकावर काठी घेऊन उभा असतो आणि ती काठीसुद्धा जमिनीकडे तोंड करून धरतो, असे मला उगीचच वाटते. व्हिडिओ अजून बघतोस का, असे परवा विचारले.

"बघतो काका. जास्तच बघतो. पण आधी मी बार बघायचो. आता त्यांचं बोट बघतो. त्यांतले बरेच जण चुकतात." आणि गंमत म्हणजे, त्यांतले जे चांगले, त्यांचे बोलणे आता त्याला समजते. ते आधीही तेच सांगत होते. ऐकणारा हात नव्हता.

गेल्या आठवड्यात हवालदारांकडे गेलो होतो. चहा झाला. ते दुकानावर निघायच्या तयारीत होते. कपाटाला आता दुसरे कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला. बंदूक काढली, उघडून बघितली, मिटली, गवसणीत घालायला लागले. मुलगा दोन पावले मागे, हात पाठीशी बांधून उभा होता. त्याची आई दारात आली होती, हात पिठाचे.

"बाबा," तो म्हणाला, "परत एकदा."

हवालदारांनी क्षणभर त्याच्याकडे बघितले. मग बंदूक पुन्हा उघडली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. दोन गोल, स्वच्छ उजेडाचे. आधी त्याने बघितले. मग मी वाकून बघितले. वहीत सही करायची नव्हती, तरीही.